साडेनऊचं घड्याळ लावणाऱ्यांना

प्रति,
मुंबईतल्या कचेऱ्यांच्या वेळा ठरवणारे सर्व साहेब आणि मॅडम
(खासगी, सहकारी, निमसरकारी, सगळेच)

विषय: हजेरीची वेळ

महोदय, महोदया,

गर्दीबद्दल पत्र लिहायचं तर ते रेल्वेला, महापालिकेला नाहीतर मंत्र्यांना, असा आपल्याकडे रिवाज आहे. मीही तशी पत्रं लिहिली आहेत. एकदा तर डब्याडब्यांत फिरून दोनशे बायकांच्या सह्या गोळा केल्या होत्या. आज तुम्हाला लिहितेय, कारण गर्दीचा विषय निघाला की तुमचं नाव कुणी घेत नाही. रूळ, डबे, सिग्नल, फलाट, पूल, सगळ्यांवर बोलून होतं. पण एवढी माणसं एकाच वेळी त्या फलाटावर येऊन उभी का राहतात? त्यांना कुणीतरी बोलावलेलं असतं म्हणून. बोलावणारे तुम्ही.

मी डोंबिवली पूर्वेला राहते आणि परळला एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. पास काढायला लागून सव्वीस वर्षं झाली. आमच्याकडे हजेरी साडेनऊची, वर पंधरा मिनिटं सवलत, त्यानंतर लेटमार्क. महिन्यात तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं हेच असणार. डब्यात बायका आपापल्या ऑफिसचे नियम ताडून बघतात तेव्हा कळतं. कुणाकडे तीनऐवजी चार, कुणाकडे सवलत दहाच मिनिटांची, एकीकडे तर उशीर झाला की आपलं नाव स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं.

हे साडेनऊ डोंबिवलीत कसे दिसतात ते उलटं मोजून सांगते.

साडेनऊला मशीनवर बोट टेकवायचं तर सव्वानऊला लिफ्टच्या रांगेत उभं राहायला हवं. आमच्या टॉवरमधल्या झाडून सगळ्या कंपन्या साडेनऊच्या, त्यामुळे खाली लिफ्टलाही दादर स्टेशनासारखीच रांग असते. त्याआधी परळच्या पुलावरून उतरून बारा मिनिटं चालणं. त्याआधी दादरला फास्ट सोडून एक स्टेशन स्लोनं. त्याआधी तासाभराची फास्ट. म्हणजे डोंबिवलीला पावणेआठच्या आसपासची गाडी. नेमकी कोणती ते लिहीत नाही, लिहिलं तर उद्या तिथे आणखी दहाजणी उभ्या राहतील. त्याआधी शेअर रिक्षाची रांग. त्याआधी तीन डबे, सासूबाईंचा नाश्ता आणि नाश्त्याआधीची गोळी. आणि त्या सगळ्याच्या आधी चार पन्नासचा गजर. तुमच्या वहीत मी साडेनऊला कामावर येते. माझ्या हिशेबात तोवर जवळजवळ पावणेपाच तासांची एक पाळी झालेली असते.

आता यातली गंमत बघा. गाडी वेळेत धावली, दादरला स्लो लगेच मिळाली, तर मी नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑफिसखाली असते. मग वीस मिनिटं लवकर का निघायचं? तर ‘न जाणो’साठी. न जाणो ठाण्याला गाडी थांबून राहिली तर. न जाणो ओव्हरहेड वायर तुटली, पाऊस लागला, पहिल्या गाडीत शिरायलाच मिळालं नाही तर. रोजची वीस मिनिटं मी या ‘न जाणो’ला वाहते. अकाउंट्सची बाई असल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. वर्षाचे २७० दिवस धरले तर ९० तास होतात, म्हणजे आठ तासांचे सव्वाअकरा दिवस. ही बिनपगारी ड्यूटी तुमच्या मस्टरमध्ये कुठेच दिसत नाही आणि रेल्वेच्याही खात्यावर नाही. माझी झोप, सासूबाईंशी दोन शब्द आणि बसून प्यायचा चहा यांतून ती कापली जाते.

एवढं करूनही जुलैत माझा तिसरा लेटमार्क लागलाच. पाऊस होता. तीन गाड्या समोरून गेल्या. आत शिरणं सोडाच, दारातल्या बायकांचे चेहरे दिसत होते आणि त्यांच्यामागे नुसते हात. चौथीत शिरले. ती विद्याविहारच्या अलीकडे बराच वेळ उभी राहिली. मशीननं नऊ बावन्न दाखवले. अर्धा दिवस कापला गेला आणि त्या ‘अर्ध्या दिवशी’ मी संध्याकाळी सातपर्यंत काम केलं, कारण महिनाअखेर होती. एचआरमधली मुलगी चांगली आहे, तिला वाईट वाटलं. ती म्हणाली, “मॅडम, पॉलिसी सगळ्यांना सारखी आहे.”

ते ‘सारखी’ माझ्या डोक्यात अजून घोळतंय. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा दादरला आजोबांच्या जागेत राहतो. तो चालत येतो, त्याचा गजर साडेआठचा. बदलापूरहून येणारी मुलगी सव्वासहाला घर सोडते. आमच्या तिघांचाही लेटमार्क नऊ शेहेचाळीसला लागतो. जी माणसं लांब राहतात ती हौसेनं राहत नाहीत. परळमध्ये पगारात परवडेल अशी जागा नाही म्हणून ठाणं, ठाण्यात नाही म्हणून डोंबिवली, तिथंही नाही म्हणून बदलापूर, आसनगाव. तुमचा लेटमार्क ज्याच्या खिशात कमी आहे त्यालाच जास्त वेळा लागतो. पाहिजे तर तुमच्याच मशीनमधून वर्षभराची यादी काढा आणि नावांपुढे पिनकोड लिहून बघा. मी आमच्या मजल्यापुरती ही यादी मनात केली आहे. दादर-माटुंग्याचं त्यात एकही नाव नाही.

मोठे साहेब स्वतः गाडीनं येतात. ट्रॅफिकमध्ये अडकतात, सव्वादहा वाजतात, त्यांना पंचिंग नाही. याचा मला राग नाही. उलट हायवेवर तासभर अडकलेल्या माणसाला तरी हे पटकन कळेल असं वाटतं.

आता डब्यात या. एरवी तुमचं येणं होत नाही, पत्रातून तरी या.

रेल्वेच्या भाषेत या गर्दीला नाव आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. घरी जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेवर खडूनं चौकोन आखून बघा आणि त्यात सोसायटीची अख्खी कमिटी उभी करा. डब्यात शिरल्यावर पहिला शब्द ‘नमस्कार’ नसतो, ‘कुठे?’ असतो. बसलेली ‘ठाणा’ म्हणाली तर ठाण्यानंतर ती सीट आपली. ती आधीच ‘दिलेली’ असेल तर तिच्या पुढचीला विचारायचं. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकायला मिळालं तरी दिवस बरा गेला म्हणतात. आमच्यातल्या काहीजणी बसायला मिळावं म्हणून उलट्या गाडीनं कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. त्यासाठी घरातून आणखी वीस-पंचवीस मिनिटं आधी निघतात. मग डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्यांशी त्यांची भांडणं होतात, पुढे दिवा स्टेशनवर दारच मोकळं मिळत नाही म्हणून दिव्याच्या बायका डोंबिवलीच्या बायकांना शिव्या देतात आणि बदलापूरच्यांना सगळ्याच शिव्या देतात.

भांडणं कशावरून? पर्सचा कोपरा लागला. ओल्या छत्रीचं पाणी पाठीवर गेलं. केस तोंडावर आले. मी, दोन पदवीधर मुलांची आई, एका पोरीला म्हणाले आहे, “एवढं होतंय तर फर्स्ट क्लासनं जा ना!” ती रडली. दुसऱ्या दिवशी तिला शोधत होते, ती त्या डब्यात पुन्हा दिसली नाही. या शहरात माणसाचा राग कुणावर निघतो बघा. शेजारी उभ्या असलेल्यावर. आम्हाला एकत्र कोंबणारं कुणी डब्यात नसतंच, मग आम्ही एकमेकींवर ओरडतो.

आणि मग तेच घरी. संध्याकाळी मी दार उघडून आत आले की पहिला अर्धा तास माझ्याशी कुणी काही बोलत नाही. हा नियम मुलांनी लहानपणी आपणहून शोधून काढला होता. मोठी झाली तरी पाळतात. थोरला परवा सहज म्हणाला, “आई, तू रविवारी वेगळीच असतेस.” कौतुकानंच म्हणाला बिचारा.

जीव जाण्याबद्दल मला लांबण लावायची नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांवर माणसं मरतात. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबाला लागून. ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी, मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. मी तीच लाइन वापरते. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. तो माझ्या जाण्यायेण्याचा पूल. त्या दिवशी मी तासभर आधी त्यावरून उतरले होते. दोन्ही वेळा रेल्वेवर टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. पूल अरुंद होता, तिथे पुढे लष्करानं नवा पूल बांधून दिला. पण वर्तमानपत्रात गेलेल्यांच्या बातम्या वाचताना मी एकच शोधत होते, कोण कुठे कामाला निघालं होतं. लोंबकळणाऱ्याला कळत नसतं का? कळतं. पुढची गाडी पकडली तर मशीन काय दाखवेल तेही त्याला कळतं.

तुम्ही म्हणाल, गाड्या वाढवा. मध्य रेल्वे रोज १८०० च्या वर लोकल फेऱ्या चालवते. सकाळच्या तासांत दर तीन-चार मिनिटांनी एक गाडी जाते. त्यांच्या मधे आणखी गाडी खुपसायची तर नवे रूळ, नवी सिग्नल यंत्रणा, फलाटं लांब करणं आलं. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू व्हायला २०२२ उजाडलं, आणि ती मागितली गेली तेव्हा माझी मुलं प्राथमिक शाळेत होती. रेल्वेनं हे सगळं करावंच, तिला मी वेगळं लिहीन. पण दुपारी एक वाजता, आजारी सासूबाईंसाठी हाफ डे घेऊन मी जेव्हा परतते, तेव्हा याच रुळांवरून हीच गाडी धावते आणि तीत मांडी घालून बसता येतं. डबे तेवढेच, शहरातल्या बाया तेवढ्याच. मधे फक्त तुमचं घड्याळ.

आमच्या इमारतीतून मी निघाल्यावर बऱ्याच वेळानं एक डबा निघतो. जेवणाचा. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचा. डबेवाला तो दहाच्या सुमाराला नेतो, सामानाच्या डब्यातून, आणि एकच्या आत तो फोर्टात पोचतो. गरम भाजी गर्दी टाळून जाते आणि ती खाणारा माणूस गर्दीत चेंगरून जातो. त्या साहेबांना मी हे म्हटलं तर ते हसले, पण गाडी त्यांनी बदलली नाही. बदलतील कशी?

सासूबाईंचा जन्म लालबागच्या चाळीतला. सासरे गिरणीत होते. संपानंतर, म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप, चाळीतली खोली विकून हे लोक डोंबिवलीला आले. ज्या आवारात आज माझं ऑफिस आहे तीही पूर्वी गिरणीच होती, धुराडं अजून उभं ठेवलंय, रात्री त्याला दिवे लावतात. सासऱ्यांना चाळीतून गिरणीच्या फाटकाशी पोचायला सात मिनिटं लागायची. त्यांची सून तिथेच यायला सुमारे ४० किलोमीटरचा प्रवास करते, हे सासूबाईंना अजून विनोदी वाटतं. मी एकदा त्यांना विचारलं, तेव्हा गिरणगावात एवढी माणसं होती, मग असा कोंबाकोंबीचा त्रास नव्हता का? म्हणाल्या, “होता की. एका खोलीत आम्ही अकरा. पण भोंगा सगळ्यांना एकदम नव्हता बोलवत. पाळीपाळीनं बोलवायचा.” पहिली पाळी सातला, दुसरी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. गाळ्यात झोपायची जागासुद्धा पाळीनं मिळायची. ते दिवस चांगले होते असं मी म्हणत नाही. रात्रपाळीनं आणि सुताच्या धुळीनं सासऱ्यांची छाती गेली. पण ज्या जमिनीवर तीन पाळ्यांत माणसं येत होती, त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरांनी सगळ्यांना साडेनऊलाच बोलवावं, हे मात्र मला कळत नाही. धुराडं जपलंत, पाळी का टाकलीत?

शिवाय घड्याळाशी भांडायची या शहराला जुनी सवय आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. गिरणीनं नवं घड्याळ लावल्यावर कामगारांना अंधारात ३९ मिनिटं लवकर यावं लागणार होतं, तेव्हा एका गिरणीतल्या हजारो कामगारांनी त्याविरुद्ध दंगा केला. महापालिकेनं तर ‘मुंबई टाइम’ सोडायला स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं लावली. एकोणचाळीस मिनिटांसाठी! ही माहिती मिळाल्यापासून मी त्या कामगारांना मनातल्या मनात रोज एकदा नमस्कार करते. सहसा दादरच्या पुलावर.

मी काही नवीन मागत नाहीये, हेही सांगते. मध्य रेल्वेनं २०२३ मध्ये शहरातल्या शेकडो कार्यालयांना पत्रं पाठवून वेळा बदलायची विनंती केली होती. स्वतःच्या मुख्यालयात त्यांनी दोन वेळा करून दाखवल्या, एक साडेनऊ ते पावणेसहा, दुसरी साडेअकरा ते पावणेआठ. तुमच्यातल्या कितीजणांनी ते पत्र फाइलला लावलं आणि कितीजणांनी वाचलं, हे तुमचं तुम्हाला ठाऊक. आमच्या ऑफिसात त्यावर चर्चा झाल्याचं निदान माझ्या कानावर नाही.

‘जमत नाही’ हे मात्र मला सांगू नका, कारण जमलेलं मी पाहिलंय. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर प्रवासाची मुभा मिळाली. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना, पण तीही ठरावीक वेळांतच: पहाटेपासून ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. तेव्हा आमच्या कंपनीनं काय केलं? वेळ बदलली. गुपचूप, बिनतक्रार, एका मेलमध्ये. मी अकराची गाडी धरायचे, खिडकीत बसायचे, साडेबाराला टेबलावर. कामाचं काय झालं? त्या वर्षीचा मार्चएंड मी आयुष्यात पहिल्यांदा डोकं न दुखता केला. ताळेबंद जुळला, ऑडिट झालं, जीएसटी वेळेवर भरला गेला. तोंडावर मास्क होता, मनात भीती होती, पण पाठ दुखत नव्हती. मग सगळं सुरळीत झालं म्हणायचं आणि पुन्हा साडेनऊ. सुरळीत कुणाचं?

एकट्या एका घड्याळाला हात लावून भागत नाही, हेही कळतंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. चांगलंच केलं. आमच्या डब्यात एक जण आहे, मुलगी दुसरीत, नवरा फिरतीवर. पूर्वी ती सातच्या शाळेला पोरीला सोडून गाडी धरायची. आता शाळा नऊला आणि गाडी पावणेआठला. मधले सव्वा तास पोर शेजारच्या आजींकडे गणवेश घालून बसते. सरकारला पोरीची झोप दिसली, आई कुठल्या गाडीला असते ते दिसलं नाही. त्या बाईनं ऑफिसला साडेदहाची वेळ मागितली तर उत्तर आलं, “एकीला दिली तर सगळ्या मागतील.”

हो. मागतील. द्या ना.

आता नेमकं काय ते. सगळ्यांनी मिळून साडेनऊचे साडेदहा करू नका. तसं केलंत तर हीच गर्दी तासभर उशिरा उठेल, एवढंच. यायची वेळ आठ ते अकरा अशी मोकळी ठेवा. कुणी आठला येऊन साडेचारला जाईल, कुणी अकराला येऊन साडेसातला. तास मोजून घ्या, मशीन आहेच, ते दोन्ही बाजूंनी मोजतं. अकरा ते चार सगळे जागेवर. मीटिंगा त्याच वेळात. साडेनऊची मीटिंग आणि संध्याकाळी सहाची ‘दोन मिनिटं येऊन जा’ हे दोन प्रकार बंद झाले तर निम्मं काम झालं. काउंटर, दवाखाना, कारखाना, जिथे माणूस ठरल्या वेळी लागतोच, तिथे पाळ्या लावा. आमच्या डब्यातल्या नर्सबाई वर्षानुवर्षं पाळीत काम करतात आणि सात ते तीनच्या आठवड्यात त्यांचा चेहरा आमच्यापेक्षा ताजा असतो. शिपाई, साफसफाईच्या बायका, सिक्युरिटीवाले यांना विसरू नका. ते सगळ्यांत लांबून येतात आणि सगळ्यांच्या आधी यावं लागतं. वेळ ज्याची त्यानं निवडावी, तुम्ही नेमून देऊ नका. अकरा-साडेसात पाळी नवीन मुलींवर लादलीत तर त्या रात्री साडेनऊच्या पुढे अर्ध्या रिकाम्या डब्यातून घरी जातील, आणि त्या वेळी रिकामा डबा सुखाचा नसतो.

लाइन बंद पडली की तो दिवस लेटमार्कातून वगळा. गाडी कुठे थांबली ते अख्ख्या शहराला मोबाइलवर कळतं, एचआरला तेवढंच कळत नाही असं होऊ नये.

खरं सांगायचं तर या मागणीत माझा एक तोटा आहे. आमचा ग्रुप. एकोणीस वर्षं आम्ही आठजणी त्याच डब्यात, त्याच दारातून चढतो. दोघींची डोहाळजेवणं गाडीत झाली आहेत, एकीच्या नवऱ्याच्या आजारपणात डब्यातच पैसे जमवले, दसऱ्याला दाराला तोरण आम्हीच बांधतो. वेळा मोकळ्या झाल्या की हा ग्रुप फुटणार. मी परवा विषय काढला तर सगळ्याजणी क्षणभर गप्प झाल्या. मग आमच्यातली सगळ्यांत जुनी, जिला अजून दोन वर्षं काढायची आहेत आणि जिच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, ती म्हणाली, “फुटू दे गं. मला बसून जाऊ दे. रविवारी भेटू.” एकोणीस वर्षांत आम्ही रविवारी एकदाही भेटलेलो नाही.

हे पत्र मी मोबाइलवर चार दिवस लिहितेय, ठाणे ते दादर, एका हातानं. चुकाभूल द्यावी घ्यावी.

येत्या सोमवारी आमच्या ऑफिसात सगळ्यांसाठी अर्ध्या तासाचं ट्रेनिंग ठेवलंय. विषय ‘वक्तशीरपणा’. वेळ सकाळी नऊ. मी जाणार आहे, त्यासाठी रोजच्यापेक्षा एक गाडी आधीची धरीन. त्या गाडीतल्या बायका मला ओळखत नाहीत. दारात अडवतील बहुतेक.

आपली,
एक पासधारक
डोंबिवली पूर्व